दर कोणी ठरवायचा? : गिरणी कामगार युनियनची वाटचाल

मे १९२८ मध्ये मुंबईत गिरणी कामगार युनियनची सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हा तिच्या वहीत सभासद होते ३२४. त्याच वेळी शहरातले दीड लाख गिरणी कामगार महिनाभर संपावर होते. म्हणजे आधी संघटना आणि मग संप असा पुस्तकी क्रम इथे नव्हताच. संप आधी पेटला आणि त्याला चालवायला, वाटाघाटीला बसवायला, हिशेब ठेवायला कोणीतरी हवे म्हणून युनियन आली. वर्ष संपता संपता सभासदसंख्या ५४,००० वर गेली होती. लाल बावट्याची युनियन म्हणून परळ-लालबागने जी ओळखली, ती हीच.

याआधी कामगारांसाठी कोणी काही केले नव्हते असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा भरवल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. पण ते अर्ज होते. मालकाने मान्य केले तर मिळायचे, नाही केले तर पुन्हा अर्ज. १९२६ मध्ये ना. म. जोशी यांनी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन काढली. स्वच्छ हिशेब, सनदशीर मार्ग, अभ्यासू कार्यालय. त्या आधीपासून गिरणी कामगार महामंडळ होते, ते खुद्द कामगारांचे. अर्जुन आळवे हे त्यातले मोठे नाव. जोशींच्या संघटनेकडे कायद्याचे ज्ञान होते, महामंडळाकडे खात्याखात्यातली माणसे. दोन्ही एकाच ठिकाणी नव्हती, ही खरी अडचण.

१९२५ सालचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. मालकांनी एका फटक्यात साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. कामगार बाहेर पडले आणि जवळपास तीन महिने बाहेर राहिले. मालकांचे म्हणणे होते की सरकार आमच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी घेते, ती हटवा, म्हणजे कपात मागे घेऊ. डिसेंबरात सरकारने अबकारी स्थगित केली, कपात मागे गेली, कामगार परतले. विजय म्हणावा तर कामगारांचाच. पण मालकांना सरकारशी करायची होती ती घासाघीस कामगारांच्या उपासमारीवर झाली, हेही तितकेच खरे. कामगारांच्या वतीने बोलणारा माणूस त्या व्यवहारात नावापुरताच होता.

गिरणीतला पगार मुळात ठरायचा कसा, हे पाहिल्याशिवाय युनियनने काय केले ते कळत नाही. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, विणकर उक्त्यावर काम करी. कापडाच्या वजनावर, वारावर, जातीवर दर. हा दर गिरणीगणिक वेगळा. एका गिरणीत ज्या मापाच्या धोतरजोडीला एक दर, तिच्या भिंतीपलीकडच्या गिरणीत त्याच मालाला दुसरा. सूत वाईट दिले तर तार तुटत राहणार, उत्पादन घटणार, पगार घटणार, त्यात दंड. कापड डागाळले तर तेच कापड कामगाराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची चालही होती. महिना भरल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पगार हातात येई. तोवर वाणी उधारीवर.

आणि या सगळ्याच्या मध्ये जॉबर. भरती त्याच्या हातात, बदली त्याच्या हातात, दस्तुरी त्याच्या खिशात. बायकांच्या कांडी खात्यात हेच काम नायकीण करी. भोंगा वाजण्याआधी दरवाजाशी उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घ्यायच्या कामगारांतून, कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. अर्थशास्त्राच्या भाषेत मजुरांचा पुरवठा मागणीपेक्षा जास्त होता. फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अर्थ एवढाच की आपण ‘नाही’ म्हटले तर मागचा ‘हो’ म्हणायला तयार आहे. अशा ठिकाणी एकट्याने दर मागणे म्हणजे स्वतःला घरी पाठवणे.

१९२८ च्या संपाचे निमित्त साच्यांचे होते. १९२७ च्या टॅरिफ बोर्डाने गिरण्यांना कार्यक्षमता वाढवण्याचा सल्ला दिला आणि ससून गटाच्या गिरण्यांनी तो लगेच अमलात आणला. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, सूतकताईच्या त्रासन खात्यात एकाऐवजी दोन बाजू पाहायच्या. पगार थोडा वाढणार, माणसे बरीच कमी होणार. दीड माणसाचे काम एकाने करायचे आणि उरलेल्याने गावी जायचे, असा तो हिशेब. काही ठिकाणी विणकरांच्या दरात कपातही आली. एप्रिलच्या मध्यापासून एकेक गिरणी बंद पडत गेली आणि अखेरीस जवळजवळ सगळ्या.

श्रीपाद अमृत डांगे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, शां. स. मिरजकर, एस. व्ही. घाटे ही कम्युनिस्ट मंडळी या संपाआधी कामगारांत नवखीच होती. आळवे आणि कासले हे गिरणीतले. युनियनचे अध्यक्षपद आळव्यांकडे आणि सरचिटणीसपद डांग्यांकडे आले, ते योग्यच झाले. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे जोशींच्या मवाळ संघटनेला बरोबर घेऊन एकच संयुक्त संप समिती नेमली गेली. तिने मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या.

या मागण्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पगारवाढीची नाही, प्रमाणित दरांची. सगळ्या गिरण्यांत एका कामाला एक दर. वरवर पाहता यात कोणाचा पगार एकदम वाढत नाही. पण दर सगळीकडे सारखा झाला की एका गिरणीवाल्याला शेजाऱ्याशी स्पर्धा करताना मजुरी कापण्याचा रस्ता बंद होतो. मग त्याला चांगला कापूस घ्यावा लागतो, यंत्रे नीट ठेवावी लागतात, दलालाचे कमिशन तपासावे लागते. मोठ्या गिरण्यांना हे फार नकोसे नव्हते. पण मालक संघातले छोटे, जुनाट यंत्रांवर चालणारे सभासद मजुरी कापूनच तगत होते. गंमत अशी की मालक संघालाही प्रमाणित दरपत्रक हवे होते. प्रश्न एवढाच होता की त्यातला दर कोणी ठरवायचा. त्यांच्या पत्रकात विणकरांना साडेसात टक्के कपात होती. मग समितीचे लोक दर, सूत, वार, वजन यांचे कोष्टक घेऊन बसले. कापडाच्या कुठल्या जातीला किती वेळ लागतो याचे ज्ञान आजवर जॉबरच्या आणि मास्तराच्या डोक्यात होते. ते पहिल्यांदाच कामगारांच्या बाजूने कागदावर आले. सामूहिक वाटाघाटी म्हणतात त्याचा कणा हाच. घोषणा रस्त्यावर द्याव्यात, पण मालकाच्या तज्ज्ञापुढे बसायचे तर आपल्याकडेही आकडा हवा.

संप सहा महिने चालला. दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस बुडाले. दीड लाख माणसे सहा महिने पगाराशिवाय कशी राहिली? सुरुवातीला गिरण्यांत न विकलेल्या मालाचे साठे पडून होते, म्हणून मालकांना पहिले काही आठवडे संप टोचलाच नाही, असे तेव्हाही बोलले जाई. टोचायला लागला तोवर कामगारांचीच ताकद संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण तिचा साठा मुंबईबाहेर होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला गडी संप लांबला की बोटीने किंवा पायी गावी गेला. मुंबईतल्या खाणावळीवालीने, गाळ्यातल्या सोबत्यांनी, वाण्याने उधारी ताणली. समितीने धान्यवाटप केले. रशियातल्या कापड कामगारांकडून आलेल्या मदतीचा सरकारने बराच गवगवा केला, पण संप खरा तगला तो गावच्या भातावर आणि नाचणीवर. कोकणातल्या बाईने एकटीने राबवलेली दोन पांडाची जमीन हा मुंबईच्या युनियनचा संपनिधी होता. त्याची पावती कुठल्याच वहीत नाही, आणि युनियनच्या इतिहासात त्या बाईचे नावही नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला समझोता झाला. चौकशीसाठी न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती नेमली गेली आणि तोवर जुन्याच दराने काम सुरू झाले. गिरणीगिरणीत कमिट्या झाल्या. वर्गणी गोळा करणे, जॉबरने अडवलेल्या माणसाची बाजू मांडणे, दंडाबद्दल मास्तराला जाब विचारणे ही कामे त्या करत. जॉबरची खुर्ची हलली ती या कमिट्यांमुळे. गेटसभा आणि ‘क्रांती’ साप्ताहिक ही युनियनची वर्तमानपत्रे.

पण या संघटनेत कोण आत होते आणि कोण बाहेर, हेही सांगायला हवे. विणकाम हे गिरणीतले जास्त पगाराचे काम. त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागते, त्यामुळे बाटते, हे कारण. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि मागणी यादीत घ्यायला लावली; नेत्यांनी ती घेतली ती फार उत्साहाने नव्हे. जगभर संघटनांचा हा दोष आहे. आतल्यांचा दर राखण्यासाठी दार अरुंद ठेवायचे. इथे ते दार जातीचे होते आणि एकजुटीच्या भाषणांनी ते उघडले नाही. बायकांचेही तेच. विसाच्या दशकात गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. उषाबाई डांगे यांनी बायकांचे लढे चालवले, तरी पुढच्या अर्धशतकात ही संख्या आटत गेली. बायकांना रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाचा लाभ लागू झाला, तशी मालकांनी त्यांच्या जागी पुरुष घेतले. युनियनने कायद्याचे स्वागत केले, पण जागांसाठी भांडण केले नाही.

१९२९ ने या सगळ्यावर पाणी फिरवले. २० मार्चला सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात देशभरातून नेत्यांची धरपकड झाली. युनियनचे डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, घाटे, आळवे, कासले सगळे एकदम गजाआड. मागे राहिलेल्यांनी एप्रिलअखेर पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. आदल्या संपाची उधारी फिटलेली नव्हती, फेब्रुवारीतल्या दंग्यांनी वस्त्या फाटलेल्या होत्या, आंबेडकरांचा विरोध होता. संप कोसळला आणि त्याबरोबर सभासदसंख्याही. संपाची ताकद दर वर्षी वापरता येत नाही, ती साठायला वेळ लागतो, हे पुढच्या काळातही नेत्यांना वारंवार विसरायला झाले.

१९३४ चा संप, कम्युनिस्ट पक्षावरची बंदी, सरकारी लेबर ऑफिसरची नेमणूक, मालक संघाची १९३५ ची बदली नियंत्रण योजना या वर्षांत युनियन होती, पण कमजोर. १९३८ मध्ये काँग्रेस सरकारने संपाआधी सक्तीची समेटप्रक्रिया आणणारा औद्योगिक कलह कायदा केला, तेव्हा ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या दिवशी व्यासपीठावर कम्युनिस्टांच्या बरोबरीने आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. नऊ वर्षांत किती पाणी वाहून गेले होते! १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवसांचा संप झाला. युद्धाने भाव चढले होते. त्यातून महागाई भत्त्याची नाळ राहणीमान निर्देशांकाशी जुळली. ही साधी वाटणारी सोय फार दूरवर गेली. भाव वाढले की भत्ता आपोआप वाढणार. दरवेळी भांडण नको. सत्तरच्या दशकापर्यंत मूळ पगार बाजूला राहून भत्ताच पगाराचा मोठा भाग होऊन बसला.

आणि मग १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. मुंबई प्रांताचे मजूरमंत्री होते गुलझारीलाल नंदा, आणि ते आले होते अहमदाबादच्या मजूर महाजनातून. १९२० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या त्या संघटनेचा अनुभव असा होता की एका शहरात एकच संघटना, लवादावर विश्वास आणि संप हा शेवटचा उपाय. अहमदाबादेत ते चालले, कारण तिथे मजूर महाजन खरोखरच बहुसंख्यांचे होते. नंदांनी त्या शहराचा अनुभव कायद्यात घालून मुंबईवर लागू केला. विभागातल्या कामगारांपैकी ठरावीक हिस्सा (पुढे तो २५ टक्के झाला) सभासद असलेली एक ‘प्रातिनिधिक’ संघटना. तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक. दुसऱ्या कोणाला मालकाशी बोलण्याचा हक्क नाही. सभासदत्व मोजायचे पावत्यांवरून. गुप्त मतदान नाही. काँग्रेसची राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना मुंबईत प्रातिनिधिक ठरली आणि कायमची ठरली.

एक संघटना असावी यामागचा विचार चुकीचा नव्हता. पाच संघटना पाच मागण्या घेऊन आल्या तर मालक त्यांना एकमेकींवर सोडतो. पण मुंबईत झाले ते विचित्र. ज्या संघटनेला संप करता येई, तिला करार करता येत नव्हता. आणि जिला करार करता येई, तिला संप करायचा नव्हता. मालकाच्या दृष्टीने याहून सोयीची मांडणी कोणती? सही करणाऱ्याला भीती दाखवता येत नाही आणि भीती दाखवणाऱ्याची सही चालत नाही.

निवाड्यांतून मिळायचे ते मिळत राहिले, हेही नोंदवले पाहिजे. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांसाठी प्रमाणित दरांचा निवाडा दिला. २६ दिवसांच्या महिन्याला किमान मूळ वेतन ३० रुपये, वर भत्ता. १९२८ च्या यादीतली ती मागणी एकोणीस वर्षांनी मान्य झाली, ती लाल बावट्याच्या सहीशिवाय. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला आणि हरली. त्याच वर्षी कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र घालून दिले: नफ्यातून घसारा, कर, यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद आणि भांडवलावर सहा टक्के वजा करा, उरले तर त्यात कामगाराचा वाटा. बोनस ही बक्षिसी नव्हे, असे सूत्राने म्हटले. मात्र वजावटींची रांग इतकी लांब की शेवटी उरायचे किती, हा प्रश्न ताळेबंद लिहिणाऱ्याच्या हातात राहिला. १९६० मध्ये केंद्रीय वेतन मंडळाच्या शिफारशीने महिन्याला आठ रुपये वाढ झाली, दोन वर्षांनी आणखी दोन.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावाने रक्त सांडले आणि त्या एकीतून १९५९ मध्ये जुनी युनियन मुंबई गिरणी कामगार युनियन या नावाने नव्याने उभी राहिली. डांगे, एस. जी. पाटकर, गुलाबराव गणाचार्य, कृष्णा देसाई. रस्ता त्यांचा होता, टेबल मजदूर संघाचे. पुढे शिवसेना आली, तिची कामगार सेना आली. ५ जून १९७० ला आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि परळची पोटनिवडणूक सेनेने जिंकली. १९७४ चा बेचाळीस दिवसांचा संप हा लाल बावट्याने गिरण्यांत केलेला शेवटचा मोठा संप. तो डांग्यांनी ज्या रीतीने मिटवला ती अनेक कामगारांना रुचली नाही. त्यांचे राजकारण तोवर काँग्रेसच्या फार जवळ गेले होते आणि गेटवर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत होते.

दत्ता सामंत यांना कामगार बोलवायला गेले ते या रिकाम्या जागेतून. घाटकोपरचे डॉक्टर, इंजिनिअरिंग आणि औषध कंपन्यांत मोठे करार केलेले. तिथला कामगार गिरणीवाल्याच्या कितीतरी पट कमवत होता, आणि दोघे एकाच चाळीत राहत होते. कंपनीचा ताळेबंद पाहून मागणी करायची ही जुन्या नेत्यांची रीत सामंतांनी मोडली. नफा कमावणाऱ्या औषध कंपनीत ती पद्धत चालली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबर मागणी होती १९४६ चा कायदा आणि मजदूर संघाची मान्यता रद्द करण्याची. माझ्या मते ती मागणी पगाराहून मोठी होती, आणि म्हणूनच दिल्लीला ती देणे अशक्य वाटले; एकदा मुंबईत दिली की राज्यातल्या प्रत्येक उद्योगात द्यावी लागली असती.

कामगारांनी १९२८ सारखेच केले. गावी गेले, सातारा-सांगलीकडे काहींनी रोजगार हमीवर खडी फोडली, कोकणात भात लावले. वर्षभर तगले, त्यांची तग १९२८ पेक्षाही मोठी होती. बदलली होती ती समोरची बाजू. सहा महिने गिरणी बंद राहिली तर बाजार मँचेस्टर-जपानच्या हाती जाईल ही भीती १९२८ च्या मालकाला होती. १९८२ च्या मालकाला भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कमी मजुरीत कापड विणून देत होते, आणि गिरणीखालची जमीन दर वर्षी महाग होत होती. संपाचा दिवस त्याला फुकट पडत होता, काही गिरण्यांत तर फायद्यात. समोरच्याचे काहीच बुडत नसेल तर कितीही मोठा संप वाटाघाटीत रूपांतरित होत नाही. हा हिशेब सामंतांनी केला नाही, आणि डाव्यांनी केला असला तरी त्यांचे ऐकायला तेव्हा कोणी नव्हते. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. लाखाच्या घरात माणसे परत कामावर आली नाहीत.

पुढे गिरण्या बंद होताना, स्वेच्छानिवृत्तीचे करार होताना, कायद्याने सही करायची होती ती मजदूर संघानेच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी, मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने फक्त मोकळी जमीन मोजायची ठरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. या जमिनीवरच्या हक्कासाठी भांडल्या त्या दत्ता इस्वलकरांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीसारख्या संघटना. १९४६ च्या कायद्यात त्यांना जागाच नव्हती. आधी त्या गिरण्या सुरू करा म्हणत होत्या, मग घरे द्या म्हणू लागल्या, आणि अर्जदारांची संख्या लाखाच्या वर गेली. आता वाद दराचा नाही, अंतराचा आहे. सरकार पनवेलजवळचे कोन, शेलू, वांगणी अशी नावे पुढे करते, आणि वारसदारांचे म्हणणे असते की गिरणी परळला होती.